गजरा काढून ठेवा, ताई

म्हाळसाला वास येत नाही, असा मला दाट संशय आहे.

रविवारपासून हा संशय डोक्यातून निघत नाही. भाकरी थापताना तोच, कॉलेजच्या ऑफिसात मुलांचे दाखले तयार करताना तोच. एखाद्या बाईला वास येत नसेल तर नसेल, सर्दी झाली असेल, असं कुणीही म्हणेल. पण म्हाळसाचं नाव आहे ते नाकामुळंच. शिरूरच्या रस्त्याला, न्हावऱ्याच्या अलीकडं, तिचं आणि तिचा नवरा बिरदेव याचं गॅरेज आहे. बिरदेव गाडीखाली असतो. म्हाळसा गाडीत बसते, काचा वर करते, वास घेते आणि बिरदेवनं नेमका कुठं हात घालायचा ते सांगते. रविवारी तिनं आमच्या गाडीचा वास घेतला आणि ‘काय न्हाई, खुशाल जा’ म्हणाली. त्याच गाडीनं माझी मुलगी दीक्षा उद्या पहाटे निघून, माळशेज घाट उतरून, मुरबाडला मैत्रिणीच्या लग्नाला जाणार आहे.

दीक्षा शेजारच्या खोलीत झोपली आहे. तिला उठवून हे सांगायला काय हरकत आहे? हरकत एवढीच, की म्हाळसाबद्दल मी काहीही बोलले तरी आमच्या घरात त्याला हेवा म्हणतात. आणि तसं म्हणणं फारसं चुकीचंही नाही. म्हणून आधी म्हाळसा कोण ते सांगते.

आम्ही वरवंडला राहतो. दीक्षाचे बाबा रेल्वेचं इंजिन चालवतात, महिन्यातले निम्मे दिवस सोलापूरच्या पलीकडं असतात. गाडी त्यांची. दीक्षा शाळेत असताना घेतलेली, आता बॉनेटचा रंग उडालेली. मागच्या काचेवरचं निळं ‘जय भीम’ तेवढं अजून ठळक आहे. दीक्षाला शिरूरकडच्या एका कारखान्यात क्वालिटीत नोकरी लागली आणि गाडी तिच्याकडं आली. चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा, हा तिचा रोजचा रस्ता.

दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडीत गोडसर वास यायला लागला. ब्लोअर लावला की जास्तच. मला वाटलं, दीक्षाच्या डब्यातलं काही सांडलं असेल. मी मॅट धुतल्या, सीटला ऊन दाखवलं, पुढं काचेपाशी मोगऱ्याच्या अत्तराची बाटली चिकटवली. एका मेकॅनिकनं एसीचा फिल्टर बदलला, दुसऱ्यानं उंदीर मेला असेल म्हणून सगळी सीट उचकटली. वास होता तिथंच. मग कारखान्यातल्या कुणीतरी दीक्षाला सांगितलं, न्हावऱ्याच्या नाकवाल्या बाईकडं जा.

सुट्टीचा दिवस होता म्हणून मीही गेले. पत्र्याची शेड, दारात कडुलिंब, त्याला टेकवून ठेवलेले टायर, बाजूला दोन मेंढ्या बांधलेल्या. आतून एक धिप्पाड बाई आली. अंगात साडीवर पुरुषी खाकी शर्ट, कपाळाला आडवा भंडारा. दीक्षा सांगायला लागली तसा तिनं हात वर केला.

“बोलू नगं. काय झालंय ते मला सांगायचं न्हाई. तू सांगितलं की माझं नाक तुझं ऐकतंय.” मग माझ्याकडं वळली. “ताई, गजरा काढून ठिवा आन् तिकडं लिंबाखाली बसा. अत्तर लावलंय का?”

“नाही.”

“लावलंय की. मनगटाला.”

लावलं होतं. चारचौघांत गजरा सोडून तो मुठीत धरून मी लिंबाखाली जाऊन बसले. तिथं एक ट्रक ड्रायव्हर आधीच बसला होता; त्याची गाडी हुंगायच्या आधी तिनं त्याला विडी टाकून चूळ भरायला लावली होती. तो मला म्हणाला, “मॅडम, यहाँ सबका यही हाल है.” त्यानं मला काही बरं वाटलं नाही.

म्हाळसा गाडीत बसली. काचा वर. इंजिन चालू. डोळे मिटून अशी बसली, की जणू दुपारची झोप काढते आहे. मग ब्लोअर लावून पुन्हा तशीच. बाहेर आली ती थेट डाव्या बाजूच्या मॅटपाशी.

“काकवी,” ती दीक्षाला म्हणाली. “गुऱ्हाळावर येतो ना, तसला. तुझ्या रेडिएटरचं पाणी आत गळतंय, हीटरपाशी. घाल हात हितं.”

दीक्षानं मॅटखाली हात घातला. बोटं चिकट, हिरवट झाली.

“आन् तुझ्या आईनं आठ दिस गाडी धुतली आसंल, गूळ सांडलाय म्हणून!” असं म्हणून म्हाळसा एवढ्या मोठ्यानं हसली की मेंढ्या बिचकल्या. दीक्षाही हसली. मुठीत गजरा धरून मी त्या दोघींना हसताना बघत होते. तिथूनच ते सुरू झालं असावं.

पुढं म्हाळसाची सगळी माहिती मला दीक्षाकडूनच कळत गेली. जेवताना प्रत्येक वाक्याला “मावशी म्हणते” असायचं. म्हाळसाचे वडील तात्याबा मेंढरं राखायचे. पावसाळा गावी, बाकी वर्ष माळानं फिरणं. पाठीला पाठ लावून वीस-वीस कोकरं एका जाळीखाली असायची, आणि अंधारात कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे पोरीनं त्याच्या टाळूला नाक लावून सांगायचं. चुकली की बाप कोकराची आणि मेंढीची गाठ घालून दाखवायचा. मेंढी शिंग उगारायची आणि पोरगी पुन्हा हुंगायला लागायची. एखादं कोकरू पोरकं झालं, तर दुसऱ्या मेंढीचं दूध त्याच्या पाठीला चोळायचं आणि त्याला तिच्याखाली सोडायचं. “मेंढी हुंगती, म्हणती आपलंच हाय, आन् पाजती,” हे दीक्षानं मला हुबेहूब म्हाळसाच्या आवाजात करून दाखवलं.

मी विचारलं, “आणि ज्याची आई जिवंत आहे त्याला चोळलं तर?”

“आई, काहीही काय विचारतेस!”

तिच्या ओढणीला त्या दिवशी ऑइलचा, चुलीच्या धुराचा आणि मेंढ्यांचा वास येत होता. ती ओढणी मी दोनदा धुतली.

लग्नानंतर मेंढरं विकली गेली. बिरदेव हायवेवरच्या एका गॅरेजात हाताखाली राहिला. म्हाळसा त्याची भाकरी घेऊन जायची. एकदा ती तिथल्या एका ट्रकवाल्याला म्हणाली, “दादा, तुमच्या गाडीत कागद जळतोय.” तो म्हणाला, “वहिनी, गाडीत कागद फक्त आरसीचा असतो.” सगळे हसले. पुढं पाटसपाशी त्याची क्लच प्लेट गेली आणि चढाला ट्रक उभा राहिला. परत आला तो बिरदेवला न विचारता थेट म्हाळसाला शोधत. तेव्हापासून तिनं भाकरी आणायचं सोडून दिलं आणि गाडीत बसायला लागली. हा भाग ती स्वतः सांगते आणि सांगताना शेवटी बिरदेवला डिवचते: “यांच्या हातात पान्हा हाय, पर पान्ह्याला डोळं मी दिलं.” बिरदेव गाडीखालून म्हणतो, “व्हय बाई, आता दहाचा पान्हा दे.”

नाकासाठी तिनं स्वतःला बरंच काही तोडलं. मिश्री नाही, पान नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. शेडमध्ये खंडोबाचा फोटो आहे, त्याला भंडारा वाहते, पण उदबत्ती नाही. देवाला तसं सांगून ठेवलंय म्हणे. गाडी उभी असेपर्यंत घरात कांदा परतायचा नाही. आणि फुशारकी म्हणाल तर अशी: “डाक्टर सतरा तपासण्या लिवतो, मी एक श्वास घेती.” खोटं बोलत नव्हती. करपलेल्या फोडणीचा वास आला की ऑइल तापल्या सायलेन्सरवर गळतंय, सडक्या अंड्याचा आला की बॅटरी बघायची. टायरवरून हात फिरवून ती सांगायची, “ही चप्पल आतनं झिजलीय, गाडी वाकडी चालतीय तुझी.” हे सगळं दीक्षा शिकत गेली. घरी येऊन माझ्या चपला उलट्या करून बघायची आणि म्हणायची, “आई, तुझी टाच बाहेरून झिजते.”

संध्याकाळी परत येताना ती तिथं थांबायला लागली. आधी कधीतरी, मग रोज. घरी आली की भूक नसायची. मी शेवग्याची आमटी केली तर म्हणायची, “आज मावशीनं पण शेवगाच केला होता.” कशी होती, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगायचं कधी सोडलं नाही.

मागच्या वर्षी दीक्षाला बढती मिळाली. मला ते बिरदेवकडून कळलं. बाजारात भेटला आणि म्हणाला, “ताई, पेढं लई झ्याक व्हते. पोरीनं नाव काढलं.” मी “हो ना” म्हणाले आणि भाजी न घेताच घरी आले. दीक्षा आदल्या रात्रीच पेढे घेऊन आली होती खरी, बाबांचा फोन लागला की आम्हाला दोघांना एकदम सांगायचं म्हणून थांबली होती म्हणे. न्हावरा वाटेत लागतं, आपलं घर शेवटी, एवढंच त्यात होतं, असं तिचं म्हणणं. रस्त्यावर आधी काय लागतं ते मला माहीत आहे. तरी तो पेढा माझ्या घशाखाली उतरला नाही.

त्यानंतर मी म्हाळसाबद्दल काय काय बोलले असेन! ती जुने पार्ट बसवत असेल, एवढ्या वासात बसून तुझी छाती खराब होईल, शिकलेल्या मुलीनं रोज शेडमध्ये काय बसायचं. एका संध्याकाळी दीक्षा शांतपणे म्हणाली, “आई, तुला मावशीचा राग नाहीये. हेवा वाटतो.”

“हेवा? त्या शेडमधल्या बाईचा?”

“बघ. ‘त्या शेडमधल्या’ म्हणालीस.”

तेव्हापासून मी काहीही बोलले की ती भुवया उंचावते आणि मी गप्प बसते.

आता रविवारचं.

गेल्या हिवाळ्यात म्हाळसा तापानं बरेच दिवस पडून होती. दीक्षा तिला पेज नेऊन द्यायची. पेज अर्थात मी केलेली. बरी झाली, गॅरेज पुन्हा सुरू झालं. या महिन्यात गाडीचे पुढचे ब्रेक पॅड तिथंच बदलले. त्यानंतर काही दिवसांनी गाडी थांबली की एक वास यायला लागला, इस्त्रीखाली कापड करपतं तसा. घाटातून जायचं म्हणून रविवारी दीक्षा गाडी दाखवायला निघाली आणि मी म्हटलं, मीही येते. जाताना मी मुद्दाम मोगऱ्याचा गजरा माळला. चांगला जाडजूड. म्हाळसा काढायला सांगणार, आणि या वेळी मी ‘नाही काढत, मी बाहेरच उभी राहते’ असं म्हणणार, एवढीच माझी तयारी होती.

ती काहीच म्हणाली नाही.

माझ्या शेजारी उभी राहिली, “ताई, बऱ्या हाय ना?” म्हणाली, मागचं दार उघडून “बसा की आत, ऊन हाय” म्हणाली. गजऱ्यासकट मी मागच्या सीटवर बसले आणि ती पुढं. काचा वर. मोगऱ्यानं माझंच डोकं दुखायला लागलं होतं. खरं सांगायचं तर मला तेव्हा अपमान वाटला. आता माझ्या गजऱ्याचीही हिनं किंमत ठेवली नाही, असं वाटलं.

मग तिनं डोळे मिटले आणि दीक्षाला विचारलं, “तुला कसला येतोय गं?”

दीक्षाचा चेहरा असा उजळला! कालपर्यंत ‘बोलू नगं’ म्हणणारी बाई आज तिला विचारत होती. ती म्हणाली, “करपल्यासारखा. नवीन पॅडचा असेल का मावशी? सुरुवातीला येतो ना?”

“हां. त्योच,” म्हाळसा म्हणाली. “घासून बसतील. काय न्हाई, खुशाल जा.”

“थोडी डावीकडं ओढते पण.”

“रस्त्याला उतार हाय तिकडं.”

“बिरदेवमामांना चाक काढून बघायला सांगू?”

“कशाला? त्यो टेंपो कवाचा ताटकळलाय.”

तेवढ्यात घरातून बिरदेव ओरडत आला. चुलीवरचं दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं होतं, धूर शेडपर्यंत आला होता. आम्ही दोघी गाडीतून उतरताच खोकलो. “अगं, तुला वास न्हाई आला व्हय?” तो म्हणाला.

“बोलण्यात ध्यान व्हतं,” म्हाळसा म्हणाली आणि लगेच त्याच्यावरच उलटली, “आन् तुम्ही काय नाक गहाण टाकलंय?” सगळे हसले. मी सुद्धा.

परत येताना दीक्षा गुणगुणत गाडी चालवत होती. “आई, बघितलंस? आता मावशी माझं मत घेते.” मी खिडकीबाहेर बघत राहिले. केडगावच्या फाटकापाशी गाडी थांबली, पुन्हा तो करपट वास आला, आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. गजरा. दूध. आणि तिचं ते विचारणं. तिनं मत घेतलं नव्हतं. तिला स्वतःला काही येतच नव्हतं, म्हणून तिनं दीक्षाचं नाक वापरलं आणि दीक्षाचाच अंदाज दीक्षाला परत दिला. आणि दीक्षा तो तिचा निकाल समजून घरी घेऊन आली.

तरी मी गप्प बसले. कारण हे मला फारच आवडत होतं. म्हाळसाचं नाक गेलं, या विचारानं मला जे वाटलं ते काळजीसारखं नव्हतं.

आज संध्याकाळी दीक्षा कामावरून आली. गाडी दारात लावली तसा वास ओसरीपर्यंत आला. ती आत गेल्यावर मी पुढच्या चाकांजवळ हात नेला. उजवं कोमट होतं. डाव्याला हात लावता येईना, तव्याजवळ नेल्यासारखी धग लागली. पॅड नवे असतील तर दोन्ही बाजूंचे नवे आहेत. मग एकच चाक का तापावं? डावीकडचा ब्रेक पाय काढला तरी धरूनच राहतो आहे, हे कळायला मला नाकाची गरज नव्हती. दीक्षाचं दोन वर्षं ऐकून ऐकून तेवढं मलाही समजतं. आणि उद्या तर लांबलचक उतार आहे.

मी आत जाऊन म्हटलं, “दीक्षा, डावं चाक बघ जरा, भाजतंय.”

ती बॅग भरत होती. “मावशीनं बघितलंय आई.”

“तिनं वास घेतलाय. चाक कुठं बघितलंय? आणि तिला वासही...”

“आई.” भुवया वर गेल्या. “प्लीज. आज नको. मोनिकाचं लग्न आहे, मला आनंदात जाऊ दे. तू परत सुरू करू नकोस.”

मी चपळाईनं किल्ली लपवू शकले असते. मग रडारड, भांडण, आणि म्हाळसाकडं जाऊन सगळं सांगणं. बाबांना फोन लावला, तो बंद आहे. इंजिनावर असले की बंदच असतो. शिवाय ते तरी काय सांगणार होते? दीक्षा त्यांनाही म्हणाली असती, आईनं सांगितलं का तुम्हाला?

इतका वेळ हे लिहीत बसले त्याचं कारण एवढंच, की दीक्षाला पटेल असं वाक्य मी शोधत होते. तसं वाक्य माझ्याकडं नाही. “मावशीला वास येत नाही” हे मी सकाळी तिच्या तोंडावर म्हणू शकते. ती चिडेल, त्याच गाडीत बसेल आणि निघून जाईल. किंवा तिला पटेल, आणि मग तिच्या नजरेतून म्हाळसा उतरेल. हे दुसरं झालेलं मला हवं आहे. रविवारपासून मी त्याचीच वाट बघते आहे, हे मला माहीत आहे.

पण ते पटेपर्यंत गाडी घाटात असेल.

ही मुलगी एकाच माणसाच्या शब्दावर चाक काढायला थांबेल आणि ते माणूस मी नाही. गेल्या दोन वर्षांत जे जे मी नाकारलं, ते सगळं मला आता त्या बाईपुढं कबूल करावं लागणार आहे: माझी मुलगी तुमचं ऐकते, माझं ऐकत नाही, तुम्ही सांगा. आणि तिला तिचं नाक गेल्याचं मला कळलंय हेही सांगावं लागेल, नाहीतर ती मलाही हसून उडवून लावेल. चिडेल. दूध जळालं तेव्हा जशी बिरदेववर उलटली तशी माझ्यावर उलटेल. उलटू दे. म्हणेन, म्हाळसाबाई, रविवारी माझ्या डोक्यात मोगऱ्याचा गजरा होता, एवढा मोठा, आणि तुम्ही मला आत बसवलंत.

मग म्हणेन, निघताना दीक्षा तुमच्या दारावरूनच जाईल. तिला अडवा. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मला ऐकायचंही नाही. फक्त बिरदेवना चाक काढायला लावा.

त्यांच्या शेडवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे, ‘केव्हाही फोन करा’. दीक्षाचे बाबा नसताना गाडी बंद पडली तर असू दे म्हणून दीक्षानंच तो नंबर माझ्या मोबाइलमध्ये घालून दिला होता, ‘मावशी’ या नावानं. ते नाव मी बदलून ‘न्हावरा गॅरेज’ केलं होतं.

वही मिटते आणि फोन लावते.